खडकातले गोड पाणी



आपल्या माळव्यात उन्हाळा लागला की गल्लोगल्ली बोरिंगच्या गाड्या दिसू लागतात. यंत्र घरघरू लागते, काळ्या पत्थराचा भुगा उडतो आणि सगळे घर दारात उभे राहून वाट पाहते. भुगा ओला झाला की सर्वांचे चेहरे फुलतात. इतक्या कठीण दगडात पाणी येते कुठून, असा प्रश्न तुमच्यापैकी किती जणांना पडला असेल? हाच प्रश्न एका माणसाने आयुष्यभर मनात जपला आणि म्हातारपणी तो सोडवला. त्याचे नाव आडॉल्फ एरिक नॉर्डेनशोल्ड. जग त्याला धाडसी दर्यावर्दी म्हणून ओळखते. पण या अंकात मी त्याची ओळख करून देणार आहे ती त्याच्या एका विहिरीसाठी.

नॉर्डेनशोल्डचा जन्म १८ नोव्हेंबर १८३२ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. त्या काळी फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. वडील निल्स गुस्ताफ हे नावाजलेले खनिजशास्त्रज्ञ आणि तेथील खाण खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या घरात दगड आणि खनिजांचा मोठा संग्रह होता, त्यामुळे मुलाला दगडांची गोडी लहानपणीच लागली. वडिलांकडून त्याला एक नवलाची गोष्ट कळली होती. फिनलंडच्या किनाऱ्यालगत लोखंडाच्या खाणी होत्या. समुद्र अगदी शेजारी, तरी खाणीत समुद्राचे पाणी शिरत नसे. दगडाच्या भेगांतून जे पाणी झिरपे ते गोडे असे. ही गोष्ट मुलाच्या मनात घर करून राहिली.

तरुण नॉर्डेनशोल्ड अभ्यासात हुशार होता, तसाच स्पष्टवक्ताही. १८५७ साली विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या वेळी त्याने केलेले भाषण रशियन गव्हर्नर जनरलला खटकले. परिणामी त्याला मायदेश सोडावा लागला. तो स्वीडनला गेला आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या सरकारी निसर्ग संग्रहालयात खनिज विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा तो अगदी तरुण होता. पुढे स्वीडन हीच त्याची कर्मभूमी ठरली.

तेथून त्याने उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेन बेटांवर आणि ग्रीनलंडवर एकामागून एक मोहिमा केल्या. पण त्याचे नाव अजरामर झाले ते वेगा या जहाजामुळे. युरोपातून निघून सायबेरियाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून आशियाच्या पूर्व टोकाला पोहोचायचे, हे स्वप्न दर्यावर्दी तीनशे वर्षांहून अधिक काळ पाहत होते. ते कोणालाच साधले नव्हते आणि त्यापायी अनेकांचे प्राण गेले होते. १८७८ च्या उन्हाळ्यात वेगा निघाली. जहाजाची धुरा कॅप्टन पालांडर यांच्याकडे होती. १९ ऑगस्टला तिने आशियाचे उत्तर टोक गाठले. पुढे बेरिंगची सामुद्रधुनी दोन दिवसांच्या अंतरावर उरली असताना, २८ सप्टेंबरला, समुद्र गोठला आणि जहाज बर्फात रुतले.

साडेनऊ महिने वेगा तिथेच अडकून पडली. जवळच चुकची लोकांची पिटलेकाय नावाची वस्ती होती. जहाजावरच्या तीस जणांनी त्या लोकांशी स्नेह जोडला. एका अधिकाऱ्याने त्यांची भाषा शिकून घेतली, तर इतर जण हवामानाच्या व चुंबकत्वाच्या नोंदी करत राहिले. १८ जुलै १८७९ रोजी बर्फ फुटला आणि दोनच दिवसांनी वेगा सामुद्रधुनी ओलांडून गेली. एकही माणूस दगावला नाही. जपान, सिंहलद्वीप, सुएझ अशी आशिया-युरोपला प्रदक्षिणा घालून २४ एप्रिल १८८० रोजी वेगा स्टॉकहोमला पोहोचली, तेव्हा सारे शहर दिव्यांनी उजळले होते. राजाने नॉर्डेनशोल्डला सरदारकी बहाल केली.

इतका मानसन्मान मिळाल्यावर एखादा माणूस स्वस्थ बसला असता. नॉर्डेनशोल्ड मात्र वडिलांकडून कळलेली ती जुनी गोष्ट विसरला नव्हता.

स्वीडनच्या किनाऱ्याला हजारो खडकाळ बेटे आहेत. त्यांतल्या काही बेटांवर दीपगृहांचे रखवालदार आणि जहाजांना खडकांतून वाट दाखवणारे वाटाडे आपल्या कुटुंबांसह राहत. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण ते खारट, पिण्याच्या उपयोगाचे नाही. बेटांवर माती थोडी, म्हणून साधी विहीर खणणे कठीण. पावसाचे पाणी साठवावे, तर ते हिवाळ्यात गोठून जाई. नाही तर नावेतून पाणी आणायचे, आणि वादळ आले की तेही बंद. शेकडो जहाजे सुखरूप बंदराला लावणाऱ्या या माणसांच्या घरी पिण्याच्या पाण्याची वानवा होती.

नॉर्डेनशोल्डने विचार केला. उन्हाळ्यात खडक प्रसरण पावतो, हिवाळ्यात आकुंचन पावतो. काही खोलीवर मात्र तापमान वर्षभर सारखेच राहते. वरचा भाग हलतो आणि खालचा स्थिर राहतो, म्हणून त्या खोलीवर आडव्या भेगा पडल्या असल्या पाहिजेत आणि त्यांत गोडे पाणी असले पाहिजे. समुद्राला लागून असलेल्या अखंड ग्रॅनाइटमध्ये गोडे पाणी मिळेल, ही कल्पना त्या वेळी बहुतेकांना न पटण्यासारखीच होती.

१८९४ साली आर्को बेटावरील वाटाड्यांच्या ठाण्यावर प्रयोग झाला. नॉर्डेनशोल्डने तेव्हा साठी ओलांडली होती. हिरे बसवलेल्या यंत्राने ग्रॅनाइटला भोक पाडायला सुरुवात झाली. तीस ते पस्तीस मीटर खोलीवर पाणी लागले आणि ते गोडे होते! त्यानंतर किनाऱ्यावर आणि बेटांवर अशा अनेक विहिरी खोदल्या गेल्या आणि कित्येक एकाकी वस्त्यांना घराशेजारी पाणी मिळाले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भेगा कशा पडतात याचे नॉर्डेनशोल्डने दिलेले कारण पुढे पुरेसे ठरले नाही. भूगर्भातील ताण आणि वरचे ओझे हटल्याने खडकाचे मोकळे होणे, ही कारणे आज अधिक महत्त्वाची मानली जातात. भेगांत साठते ते पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. म्हणूनच अशा विहिरीतून हावरेपणाने उपसा केला तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर नासते. स्वीडनच्या किनाऱ्यावर हा अनुभव पुढे पुष्कळांना आला आहे. कारण चुकले, तरी नॉर्डेनशोल्डचे निरीक्षण खरे होते. त्याने ते खडकावर तपासून पाहिले, म्हणूनच लोकांना पाणी मिळाले.

विहीर लागली त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा गुस्ताफ, जो स्वतः नावाजलेला संशोधक होता, वयाच्या सव्विसाव्या वर्षी क्षयाने वारला. हे दुःख पचवूनही पित्याचे लेखन-संशोधन चालू राहिले. १९०१ साली पहिल्या नोबेल पारितोषिकांसाठी नावे आली, तेव्हा भौतिकशास्त्राच्या यादीत नॉर्डेनशोल्डचेही नाव होते. पण १२ ऑगस्ट १९०१ रोजी त्याचे निधन झाले आणि डिसेंबरमध्ये ते पारितोषिक राँटगेनला मिळाले.

मुलांनो, वेगाची सफर इतिहासाच्या पुस्तकांत गेली. आर्को बेटावरची विहीर फारशी कोणाला माहीत नाही. पण त्या बेटावरच्या एखाद्या आईला विचारले असते, तर तिने मोठे काम कोणते म्हणून सांगितले असते? आणि त्या कामाची सुरुवात झाली होती वडिलांकडून कळलेल्या एका साध्या गोष्टीपासून. पालकांनी घरी आपल्या कामातल्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. कोणती गोष्ट कोणत्या वयात उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आणि हो, आपल्या माळव्याचा काळा पत्थरही भेगांतच पाणी साठवतो. जितके पावसाळ्यात मुरेल तितकेच उन्हाळ्यात मिळेल. पुढच्या वेळी नळ उघडा टाकून जाताना एवढे आठवले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

— प्राचार्य