जलालपूरची मनू

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचे नाव मनात यायला मला वेळ लागला नाही. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. वाचताना आपण पोट धरून हसतो आणि पुस्तक मिटल्यावर मात्र गंभीर होतो. त्या हसऱ्या हकिकतीच्या तळाशी एका लहान मुलीचे दुःख आहे. ते दुःख पुढे मोठेपणी लक्ष्मीबाईंनी कसे निरखले आणि कसे शांत केले, एवढ्याच अंगाने मी आज लिहिणार आहे. बालपणी मनाला झालेली जखम हा विषय आपल्या कोणाच्याच घराला परका नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण त्या घरावर एक विलक्षण सावट होते. ते म्हणजे वडिलांचे सोवळे. सोवळे त्या काळी घरोघर होते. मात्र मनूच्या वडिलांचे सोवळे म्हणजे एक व्याधीच होती. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. मीठ पाण्यात विरघळते म्हणून त्यालाही सूट नव्हती! विटाळ कशाने झाला आणि कोणामुळे झाला, याचा विचार त्यांच्या डोक्यात अष्टौप्रहर चाललेला असे. संताप तर नाकाच्या शेंड्यावर. अशा घरात मुलांनी कसे वागावे? धावावे तर शिवाशिव होते, हसावे तर वडील रागावतात. भूक, धाक आणि आपण काही केले तरी चुकणारच ही भीती, यांत मनूचे बालपण गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या छळाची हकिकत सांगायला बसलेली दुसरी कोणी बाई प्रथम आपले रडगाणे गाईल. लक्ष्मीबाई आरंभालाच आपल्याला 1857 सालाकडे नेतात. त्या धामधुमीत त्यांच्या आईच्या माहेरच्या एका कर्त्या पुरुषाला फाशी झाले. त्या घटनेचा वडिलांच्या मनावर जबर आघात झाला आणि तेव्हापासून त्यांचे सोवळे असे पराकोटीला गेले. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला भिववले, त्याला आधी कशाने भिववले होते, याचा शोध लेकीने घेतला. वडिलांचे वागणे बरोबर होते असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. त्यांनी फक्त रागाचे मूळ पाहिले. आणि मूळ दिसले की रागाची धार बोथट होते.

1880 साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. हे नारायणरावही बालपणाचा घाव घेऊनच आलेले. आई पोरवयात गेली, वडिलांशी कधी जमले नाही, घर सोडून नाशिकला स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. कवी मनाचे, उदार, पण शीघ्रकोपी. केव्हा कोणाला न सांगता उठून कोठे जातील याचा नेम नाही. दोन दुखावलेली मुले एका संसारात आली, असेच मला ही हकिकत वाचताना वाटते. आपल्या बोहल्यावर कोण कोणते ओझे मनात घेऊन उभे आहे, हे कोणते ज्योतिषी सांगतात?

टिळकांना धर्माचा ध्यास लागला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. पदरी दत्तू हा लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि सोयऱ्याधायऱ्यांची बोलणी. काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर काढली. त्या काळात त्या पंढरपूरलाही राहिल्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला जे आले ते पतीच्या खटपटीने. पण या विरहात त्यांना कविता सुचू लागली. दुःख आतल्या आत कुजत ठेवण्याऐवजी त्याला शब्द द्यावेत, हे त्यांना कोणी शिकवले नाही. त्यांचे त्यांनाच सापडले.

पुढे त्या मुलाला घेऊन टिळकांकडे परत गेल्या. आपले सोवळे मात्र बरोबर घेऊन! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, परक्याच्या हातचे काही घ्यायचे नाही. नीट विचार करा. ज्या सोवळ्याने बालपण होरपळले, तेच सोवळे आता त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. वडील कधीच मागे राहिले होते, तरी त्यांचा धाक लेकीच्या हातापायांतून काम करीत होता. बालपणीच्या घावाचे हेच तर कठीण असते, की तो पुढे आपल्याला आपला स्वभावच वाटू लागतो.

मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या. हे जातीचे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असतील तर माणसामाणसांच्या घडणीत त्यांची काही खूण दिसायला हवी होती. जन्म सारखा, मरण सारखे, सुखदुःख सारखे. मग खूण कोठे आहे? असे एकेक करून त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारले आणि स्वतःच उत्तरे दिली. टिळक जवळ होते, विद्वान होते, पण हा खटला त्यांनी नवऱ्यापुढे नेला नाही. स्वतःच्या मनाच्या कचेरीत चालवला. निकाल लागला तो कायमचा. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेतले, आणि वडिलांच्या घरातले ते जुने भय त्यांच्या मनातून उतरले. 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म कोणता असावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला त्यांच्या चरित्रात मोलाचा वाटतो तो त्याआधीचा तो एकांतातला विचार.

मन मोकळे झाले म्हणजे त्यात दुसऱ्याला जागा होते. लक्ष्मीबाईंच्या घरात दुष्काळाने पोरकी केलेली मुले आली. प्लेगने आजारी पडलेल्या मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. हातचे पाणी न घेणारी बाई आता प्लेगच्या रोग्यांच्या उशाशी बसत होती! बालकवी ठोंबरे हा हळवा, तापट, जगाशी न जमणारा तरुण कवी टिळकांच्या घरी राहिला, तेव्हा त्यालाही त्यांनी आईची माया दिली. ज्यांना बालपणी मोकळेपणाने हसता आले नव्हते, त्यांच्या घरी आता हसण्याला तोटा नव्हता. पैशाची ओढाताण मात्र शेवटपर्यंत राहिली. टिळक हातचे देऊन टाकीत आणि संसार लक्ष्मीबाई रेटीत.

1919 च्या मे महिन्यात टिळक वारले. लक्ष्मीबाई काही काळ कराचीला राहिल्या आणि पुढे नाशिकला आल्या. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुढे नेले. त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहिल्या आणि 1934 साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनी देह ठेवला. बोलावे तसे लिहिलेले ते पुस्तक आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

त्या पुस्तकाने मला स्वतःला काय दिले, तेही सांगते. आमच्याही घरात एका वडीलधाऱ्या माणसाचा फार धाक होता. जिन्यावर त्यांची पावले वाजली की आम्ही भावंडे पाटीवरून मान वर करीत नसू. त्यांच्यावरचा राग मी पुष्कळ वर्षे जपून ठेवला होता. 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर मी आमच्या आत्याला प्रथमच विचारले, की हे असे का वागत? तेव्हा कळले, की आठव्या वर्षी ते पोरके झाले आणि परक्याच्या दारी राबून, मार खाऊन वाढले. हे ऐकून आमचे गेलेले बालपण परत आले नाही. त्यांनी मारलेली छडी मला आजही योग्य वाटत नाही. पण माझ्या मनातला तो उग्र चेहरा त्या दिवशी एका आठ वर्षांच्या मुलाचा झाला, आणि मी त्यांच्यासाठी रडले. त्यांच्या पश्चात, प्रथमच.

भगिनींनो, दुपारी मंडळात आपण पापड लाटतो, भजन म्हणतो, भिशीचा हिशेब करतो. मध्येच कोणी सहज बोलून जाते, की मला लहानपणी घरात कोणी कधी जवळ घेतले नाही. आपण विषय बदलतो. आता काय त्याचे, असे म्हणतो. तसे न म्हणता तिचे ऐकून घ्यावे. काही घाव फार खोल असतात. त्यांना जाणत्या माणसाची मदत लागते आणि ती घेण्यात कमीपणा नाही. क्षमा करायलाच हवी असाही कोणावर जुलूम नको. पण एखादी रिकामी दुपार, एक साधी वही, आणि स्वतःला विचारलेले दोन खरे प्रश्न, एवढे तर कोणालाही जमेल. हे माझ्या मनात कोठून आले? आणि हे मला माझ्या लेकीसुनांच्या, नातवंडांच्या पदरात घालायचे आहे का?

लक्ष्मीबाईंच्या घरातला तो धाक त्यांच्यापाशी येऊन थांबला. आपल्या घरातला आपल्यापाशी थांबावा, हीच वर्धापनदिनाच्या निमित्ताने सर्वांना शुभेच्छा.