कागदाचा किमयागार

पावसाळ्याच्या आरंभी अंगणातून पाण्याचे ओहोळ वाहू लागले, की जुन्या वहीचे पान घेऊन होडी करण्याची इच्छा कोणाला होत नाही? पाच-सहा घड्या घातल्या, की होडी तयार होते आणि डुलत डुलत निघून जाते. पण त्याच पानाचा बैल करावयाचा असे कोणी म्हटले तर? चार पाय, दोन शिंगे, एक शेपटी. आणि अट अशी, की कागदाला कात्री लावावयाची नाही व खळही लावावयाची नाही. मग मात्र आपले हात अडखळतात. असल्या अवघड कोड्यांची उत्तरे शोधण्यात ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, असा एक थोर कलावंत जपान देशात होऊन गेला. त्याचे नाव अकिरा योशिझावा.

कागदाच्या घड्या घालून आकृती करण्याच्या कलेला जपानात ओरिगामी म्हणतात. 'ओरी' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. ही कला त्या देशात फार जुनी आहे. केवळ क्रौंच पक्षी निरनिराळ्या प्रकारे कसे घडवावेत, हे सांगणारे एक पुस्तक तेथे १७९७ साली छापले गेले होते. परंतु पुढे ही कला बहुतांशी लहान मुलांचा खेळ होऊन राहिली. आजीने नातवंडांना शिकवावे, त्यांनी तशाच घड्या घालाव्यात, एवढ्यावरच तिची धाव थांबली. नवे काही शोधावे, असे फार थोड्यांना वाटे.

योशिझावा यांचा जन्म १४ मार्च १९११ रोजी तोचिगी प्रांतातील कामिनोकावा या गावी झाला. त्यांच्या घरी गाई पाळून दुधाचा व्यवसाय चाले. वयाच्या तेराव्या वर्षी अकिरा टोकियो शहरी आले आणि एका कारखान्यात काम करू लागले. दिवसा कारखान्यात राबावे आणि सायंकाळी अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. हुशारी व मेहनत यांमुळे विशीत असतानाच त्यांना आराखडे काढण्याच्या कामावर बढती मिळाली. नव्या कामगारांना भूमिती समजावून देण्याचे काम आले, तेव्हा त्यांना बालपणीच्या घड्या आठवल्या. कोन, कर्ण, दुभाजक या गोष्टी फळ्यावर कळत नसत, त्या हातातील कागद दुमडताच कळू लागल्या. कामगारांना तर लाभ झालाच. पण योशिझावा यांच्या मनात मात्र एक नवाच विचार रुजला. ज्या कागदातून भूमिती उलगडते, त्यातून सारी जीवसृष्टी का उभी राहू नये?

हा विचार सोपा होता. कृती मात्र फार कठीण होती. चौरस कागदाला कोपरे चारच. क्रौंच पक्ष्याला तेवढे पुरतात. एका कोपऱ्याची चोच, एकाची शेपटी आणि उरलेल्या दोहोंचे पंख. पण प्राण्याला चार पाय हवेत, शिवाय डोके व शेपटी हवी. म्हणजे सहा टोके झाली. उरलेली दोन टोके आणावयाची कोठून? ती कागदाच्या कडेतून किंवा मध्यातून काढावी लागतात. परंतु कोपऱ्यापेक्षा कडेतून काढलेल्या टोकाला अधिक कागद लागतो आणि मध्यातून काढलेल्या टोकाला त्याहूनही अधिक. थरावर थर चढतात, पाय जाड होतो, घडी नीट बसत नाही. एक अवयव साधावा तो दुसरा बिघडतो. कागद पुन्हा उलगडावा, उमटलेल्या रेषा न्याहाळाव्यात आणि नव्याने आरंभ करावा, एवढाच मार्ग उरतो.

या कामासाठी उरलासुरला वेळ पुरणार नाही, हे योशिझावा यांनी ओळखले. १९३७ साली त्यांनी कारखान्यातील नोकरी सोडली. घड्यांच्या कलेवर पोट भरण्याची तेव्हा काहीच सोय नव्हती. मासे, समुद्रातील शेवाळ वगैरे पदार्थ खारट रसात शिजवून केलेले त्सुकुदानी नावाचे तोंडी लावणे जपानी लोक भाताबरोबर खातात. ते दारोदार हिंडून विकावे आणि मिळेल त्यात भागवावे, असे दारिद्र्याचे दिवस त्यांनी सुमारे वीस वर्षे काढले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्याच्या वैद्यकीय पथकात हाँगकाँग येथे जावे लागले. तेथेही रुग्णांचे मन रमावे म्हणून ते कागदाच्या आकृती करून देत. पुढे ते स्वतःच आजारी पडले आणि त्यांना मायदेशी परत पाठविण्यात आले.

युद्ध संपले, तरी हलाखी संपली नाही. अशा स्थितीत १९५१ साली एक अनपेक्षित संधी चालून आली. जपानात प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचे नाव असते. उंदीर, बैल, वाघ, ससा, नाग, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर अशी बारा वर्षांची ही माळ आहे. यांतील नाग हा आपल्याकडील नाग नव्हे. तो पाय व शिंगे असलेला काल्पनिक प्राणी होय. 'असाही ग्राफ' या नियतकालिकाच्या संपादकांना नववर्षाच्या अंकासाठी हे बाराही प्राणी कागदाचे हवे होते. त्यांनी योशिझावा यांना शोधून काढले. ज्या कोड्यांशी ते इतकी वर्षे एकांतात झगडत होते, त्यांची परीक्षा आता साऱ्या देशासमोर होणार होती. बारा प्राण्यांपैकी एकाला पाय नाहीत, तर एकाला पंख आहेत. एकाचे कान लांब, तर एकाची शिंगे वळलेली. एकच युक्ती सर्वांना लागू पडणे शक्य नव्हते. परंतु पूर्वीच्या अयशस्वी प्रयत्नांत वाया गेलेला प्रत्येक कागद आता कामी आला. जानेवारी १९५२ च्या अंकात ते प्राणी प्रसिद्ध झाले आणि योशिझावा यांचे नाव देशभर झाले.

कीर्ती मिळाली, तरी त्यांच्या मनातील एक शल्य दूर झाले नव्हते. उन्हाळ्यात झाडाच्या खोडाला चिकटून दिवसभर कर्कश सूर धरणारा सिकाडा नावाचा एक कीटक असतो. रुंद डोके, दोन बाजूंना आलेले टपोरे डोळे आणि पाठीवर छपराप्रमाणे उतरते मिटलेले पंख, असे त्याचे रूप असते. तो कागदातून हुबेहूब उतरावा, असा योशिझावा यांचा ध्यास होता. पुष्कळ प्रयत्न झाले. पण मनाजोगा कीटक काही साधेना. दुसरा कोणी असता, तर त्याने जे जमले तेच पुरे मानले असते. योशिझावा यांनी तसे केले नाही. ते जिवंत कीटकाकडे पाहत, पुन्हा कागदाकडे वळत. अशी वीस वर्षांहून अधिक काळ गेली, तेव्हा कोठे तो कीटक त्यांच्या मनासारखा उतरला.

कोरड्या कागदाच्या आकृतीत ताठरपणा येतो. प्राण्याच्या पाठीचा गोलवा तिच्यात येत नाही. यावरही त्यांनी उपाय शोधला. जाड कागद किंचित ओला केला, की त्यातील खळ सैल होते व कागद मऊ पडतो. त्याला हवा तसा बाक देता येतो आणि वाळल्यावर तो आकार पक्का राहतो. या रीतीमुळे त्यांचे प्राणी श्वास घेत आहेत असे वाटे.

आपले ज्ञान त्यांनी झाकून ठेवले नाही. १९५४ साली त्यांचे पहिले मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. कोणती घडी आत घालावी, कोणती बाहेर, कागद कोणत्या दिशेने न्यावा, हे तुटक रेषा व बाण यांच्या खुणांनी दाखविण्याची पद्धत त्यांनी त्यात वापरली. १९६१ च्या सुमारास पाश्चात्त्य लेखकांनी तिच्यात थोडी भर घातली आणि आज जगातील कोणत्याही भाषेतील मूल त्या खुणांवरून घडी घालू शकते. १९५५ साली हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी त्यांच्या आकृतींचे प्रदर्शन भरले. त्यानंतर अनेक देशांतून त्यांना बोलावणी आली. १९८३ साली जपानच्या सम्राटांनी त्यांना 'उगवता सूर्य' या पदकाने गौरविले.

आयुष्यात त्यांनी पन्नास हजारांहून अधिक आकृती घडविल्या, असा अंदाज आहे. त्यांपैकी काही शेकडा आकृतींच्याच रीती पुस्तकांतून प्रसिद्ध झाल्या. १४ मार्च २००५ रोजी, म्हणजे आपल्या ९४ व्या वाढदिवशीच, टोकियो येथे त्यांचे निधन झाले.

कागदाचा चौकोनी तुकडा ही किती क्षुल्लक वस्तू! परंतु ज्याने ती तुच्छ मानली नाही, त्याला तिच्यात सारे अरण्य सापडले. मुलांनो, एखादी घडी तुम्हांला जमली नाही, तर कागद चुरगळून फेकून देऊ नका. तो हळूच उलगडा आणि त्यावरील रेषा नीट पाहा. आपण कोठे चुकलो, हे त्या रेषाच सांगतात. आणि पुढची वाटही बहुधा त्यांतूनच निघते.