थिओडोर कुक

थिओडोर कुक (जन्म : १८३६, ट्रॅमोर, आयर्लंड, मृत्यू : ५ नोव्हेंबर १९१०) हे आयरिश स्थापत्य अभियंता व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पश्चिम भारतातील वनस्पतींवरील 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' या ग्रंथासाठी ते ओळखले जातात.

जीवन

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन कुक १८६० मध्ये रेल्वेच्या सेवेत भारतात आले. १८६५ मध्ये त्यांची पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी नेमणूक झाली. १८९३ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले आणि क्यू येथील वनस्पतिसंग्रहाच्या आधारे त्यांनी ग्रंथलेखन केले. हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागशः प्रसिद्ध झाला.

चामर कुलाचे वर्णन

कोथिंबीर, गाजर, जिरे व ओवा ज्या चामर कुलात (अंबेलिफेरी) येतात, त्याचे वर्णन पहिल्या खंडात आहे. या कुलातील फुलोरे परस्परांसारखे दिसत असल्याने प्रजाती ओळखणे कठीण जाते. वर्गीकरणाचा मुख्य आधार फळावरील कंगोरे व तैलनलिका हा असला, तरी निकटच्या जाती वेगळ्या करण्यास पानांची रचना उपयोगी पडते. कारिवण्याचे पान साधे व मूत्रपिंडाकृती असते, तर कुलातील बहुतेक वनस्पतींची पाने विभागलेली असून देठाचा तळ खोडाला वेढतो. मात्र केवळ पानावर विसंबणे धोक्याचे ठरते. कोथिंबिरीच्या एकाच रोपावर खालची पाने रुंद, तर वरची तंतूसारखी चिरलेली असतात. युरोपातील विषारी हेमलॉकची पानेही खाद्य वनस्पतींच्या पानांसारखी दिसतात. म्हणूनच कुक यांच्या वर्णनात पान, फुलोरा व फळ या तिन्हींची नोंद आढळते.

मराठवाडा

परभणी जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इलाख्यापुरता मर्यादित असलेल्या या ग्रंथाच्या कक्षेत तो आला नाही. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला.

वारसा

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने कुक यांच्या ग्रंथाचे १९५८ मध्ये पुनर्मुद्रण केले. महाराष्ट्रातील वनस्पतींच्या अभ्यासात तो आजही संदर्भासाठी वापरला जातो. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांचा उल्लेख 'टी. कुक' असा केला जातो.