तुसिताला

‘ट्रेझर आयलंड’ आपण शाळेत असताना वाचतो, ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ कॉलेजात आल्यावर. ह्या दोन्ही पुस्तकांचा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याच्या आयुष्याची अखेरची पाच वर्षे मात्र साहित्याच्या इतिहासात बहुधा एका ओळीत उरकली जातात. मला स्वतःला त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा ही पाच वर्षेच अधिक ओढ लावतात.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला झाला. घराण्याचा व्यवसाय दीपगृहे बांधण्याचा. एकुलता एक मुलगा इंजिनियर व्हायचा, तो वकिलीची सनद घेऊन बसला आणि तीही न चालवता लिहू लागला. छातीचा विकार लहानपणापासूनचा. खोकला कायमचा आणि मधूनच रक्त पडायचे. त्यामुळे फ्रान्स, स्वित्झर्लंडमधले दाव्होस, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे बोर्नमथ असा त्याचा हवापालट चालूच राही. १८८० साली त्याने फॅनी ऑस्बोर्न ह्या दहा वर्षांनी वडील असलेल्या, लेकुरवाळ्या अमेरिकन बाईशी लग्न केले. १८८७ साली वडील वारले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून एक शिडाचे जहाज भाड्याने घेऊन हा माणूस बायको, सावत्र मुलगा आणि विधवा आई यांच्यासह पॅसिफिक महासागरात शिरला.

मार्केसास झाले, ताहिती झाले, होनोलुलूजवळ वायकिकीच्या किनाऱ्यावर काही महिने मुक्काम झाला. डिसेंबर १८८९ मध्ये तो सामोआ बेटांतल्या आपिया बंदरात उतरला. तिथे जमीन घेतली ती अधूनमधून येऊन राहावे म्हणून. परंतु १८९० च्या आरंभी सिडनीला गेला असता तो पुन्हा अंथरुणाला खिळला आणि उष्ण समुद्र सोडून आपल्याला जगता येणार नाही, हे त्याला कळून चुकले. स्कॉटलंड त्याने पुन्हा पाहिले नाही.

त्या वेळचे आपिया म्हणजे समुद्रालगतचा एक रस्ता, त्यावर दुकाने, दारूचे गुत्ते, वकिलाती आणि मिशनची चर्चेस. गोऱ्यांच्या ह्या वस्तीला लोक नुसते ‘बीच’ म्हणत. खडकावर मार्च १८८९ च्या वादळात फुटलेल्या जर्मन युद्धनौकेचा सांगाडा पडलेला होता. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका ह्या तिघांचा त्या बेटांवर डोळा. खोबऱ्याचे व्यापारी, मळ्यांचे मालक, जहाजावरून पळालेले खलाशी अशी ही मंडळी. नारळ, जमीन आणि एकमेकांची निंदा यांवर त्यांचे दिवस जात.

स्टीव्हन्सनही तसा परका श्रीमंतच. गावापासून तीनेक मैल वर, डोंगराच्या पायथ्याशी वैलिमा इथे त्याने ३०० एकरांहून अधिक रान विकत घेतले, दुमजली लाकडी घर बांधले. परदेशातून पियानो आणला. घामाच्या धारा लागणाऱ्या त्या मुलखात घरात शेकोटीची सोय केली! सणासुदीला नोकरांना स्कॉटिश चौकटींच्या कापडाच्या लुंग्या नेसवल्या. मला याचे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. मागे सुटलेल्या गावाची आठवण माणूस अशीच भिंतीत चिणून ठेवतो. पण त्याच वेळी तो सामोअन भाषा शिकत होता. बाटलीतल्या सैतानाची त्याची एक कथा १८९१ साली मिशनच्या मासिकातून सामोअन भाषेत छापून आली. एवढे ऐश्वर्य त्या बाटलीतूनच आले असणार अशी काहींची समजूत झाली, आणि भेटीला आलेले लोक हळूच ती बाटली दाखवायला सांगत. तेथले लोक त्याला तुसिताला म्हणत, म्हणजे गोष्टी लिहिणारा.

मी कोकणातला. आमच्याकडे हल्ली समुद्र दिसेल अशी जागा मागत शहरातले लोक फिरतात. त्यांतले पुष्कळ भले असतात, पण गावच्या भांडणात कुणी पडत नाही. कुंपणाच्या आत बाग आणि बाहेर गाव. स्टीव्हन्सन पडला. तीन सत्तांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या कारभारावर त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रांमागून पत्रे पाठवली आणि १८९२ साली सामोआच्या कलहावर एक सबंध पुस्तक लिहिले. कादंबऱ्या सोडून हा नसता उद्योग कशाला, असे त्याचे लंडनचे मित्र कुरकुरत. त्याला बेटाबाहेर घालवण्याचीही भाषा झाली.

१८९३ साली राजेपदासाठी लढाई जुंपली. त्याचा स्नेही मताफा हरला आणि हद्दपार झाला. त्याच्या बाजूचे सरदार आपियाच्या तुरुंगात पडले. स्टीव्हन्सन तिथे तंबाखू आणि खाण्यापिण्याच्या वस्तू घेऊन जाई. १८९४ मध्ये सुटका झाल्यावर त्या सरदारांनी सांगून पाठवले की वैलिमापर्यंतचा रस्ता आम्ही बांधतो, आम्हांला मजुरी नको. अंगमेहनत हे त्यांच्याकडे सरदारांचे काम नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देणगीचे मोल कळते. रस्त्याचे नाव त्यांनी प्रेमळ हृदयाचा रस्ता असे ठेवले.

ऑक्टोबरात रस्ता पुरा झाला तेव्हा त्याने सरदारांना जेवू घातले आणि भाषण केले. आभार मानून तो थांबला नाही. जमीन कसा, रस्ते करा, झाडे लावा. तुम्ही ती वापरली नाहीत तर दुसरे येऊन घेतील, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून शेतकरी कसे हुसकले गेले हे त्याला माहीत होते. आणि बोलणारा स्वतः ३०० एकर घेऊन बसलेला! ही विसंगती ऐकणाऱ्यांच्या ध्यानी आली असेलच. तरी हे त्यांना सांगणारा त्याच्या जागी दुसरा कोण होता, असे मला वाटते.

३ डिसेंबर १८९४ रोजी सकाळी त्याने सावत्र मुलीला ‘वीअर ऑफ हर्मिस्टन’चा मजकूर सांगितला, ती कादंबरी सारी स्कॉटलंडची आहे आणि अपुरीच राहिली. संध्याकाळी पत्नीला जेवणाच्या तयारीत मदत करताना मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला. वय ४४. घरामागच्या वैआ डोंगराच्या माथ्यावर पुरावे ही त्याची इच्छा. तिथे वाट नव्हती. सामोअन माणसांनी रातोरात रान तोडून वाट काढली आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावरून शवपेटी वर नेली. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून त्या डोंगरावर बंदूक उडवण्याची सरदारांनी मनाई केली.

१८९९ साली जर्मनी आणि अमेरिकेने बेटे वाटून घेतली. वैलिमाचे घर आधी जर्मन, मग न्यूझीलंडच्या राज्यकर्त्यांचे निवासस्थान झाले. १९६२ साली पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. १९९४ पासून त्या घरात स्टीव्हन्सनचे संग्रहालय आहे. स्वतंत्र देशाच्या राज्यघटनेने वहिवाटीने चालत आलेली जमीन विकायला बंदी केली, आणि तिथली सुमारे ८० टक्के जमीन अशीच आहे.