पंधरा रुपयांची शिकवणी

बेळगावात किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे. मी बेळगावचाच, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की त्या रस्त्यावरून जाणे होतेच. ज्यांच्यामुळे हे नाव पडले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपण नांगर, पंप आणि इंजिनांमुळे ओळखतो. त्यांच्या उद्योगाची सुरुवात मात्र सायकलीपासून झाली. सायकल भारी असावी लागते की चालवणारा तयार असावा लागतो, हा वाद आमच्या हॉस्टेलमध्ये नेहमी रंगतो. त्या वादात लक्ष्मणरावांचे चरित्र उपयोगी पडेल, असे मला वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळले की काही रंगांतला फरक त्यांना नीट ओळखता येत नाही. चित्रकार होण्याचा मार्ग तिथेच बंद झाला. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीचा विचार मनात असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा धक्का समजू शकेल. ते खचले नाहीत. रंग लागत नाहीत असे चित्र त्यांनी निवडले, ते म्हणजे यंत्रांचे आरेखन. ते शिकून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे हाताळायला मिळाली आणि त्यांना आपले क्षेत्र सापडले.

सायकल त्या काळी नवलाची वस्तू होती. सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळीवर फिरणारे मागचे चाक, ही आजची रचना इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. हवा भरलेला डनलॉपचा टायर १८८८ मधला. त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंच्या सायकलीच्या धंद्याची बेळगावात सुरुवात झाली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवत आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकत. दुरुस्तीचे कामही दुकानात चाले. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये असे. साध्या शिक्षकाचा महिन्याचा पगार शंभराच्या आत असण्याचे ते दिवस. म्हणजे आजच्या लाखाच्या सायकलीपेक्षाही ती चैन मोठीच म्हणायची.

पण दुकानात आणखी एक गोष्ट मिळत असे. सायकल चालवायला शिकवण्याची फी होती १५ रुपये.

मला हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला आवडतात. हजार रुपये मोजून सायकल घेणारा श्रीमंत माणूस सायकल घरी नेऊ शकत होता, पण ती हाताने ढकलत. तिच्यावर बसून जायचे तर त्याला १५ रुपयांची शिकवणी घ्यावी लागे, तोल जाऊन पडावे लागे, गुडघे फोडून घ्यावे लागत. तिथे पैशाचा उपयोग नव्हता. सायकलीच्या किमतीपुढे ही फी अगदी किरकोळ, आणि तिच्यावाचून सगळी सायकलच निरुपयोगी.

पुढे मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती ती बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. छोट्या कारखान्यात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर बनवला. नांगर घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. माल चांगला असला तरी तो वापरणाऱ्याच्या हातात बसावा लागतो, ही सायकलीच्या दुकानातली गोष्ट इथेही खरी ठरली. नांगराची खोली शेतात दिसली, तेव्हाच मागणी वाढली.

बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा घेऊन त्यांचे लोखंड नांगरांसाठी वापरण्यात आले. सैनिकी शाळेत शिकणाऱ्या मला ही गोष्ट विशेष वाटते. किल्ल्यावर नुसती पडून असलेली तोफ शोभेची होती, फाळ होऊन ती कामाला लागली. उद्योग पुढे आपल्या कर्नाटकातही आला. हरिहरला १९४१ मध्ये लेथ बनवणारा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये बंगळूरूत विजेच्या मोटारींचा. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

यावरून कोणी असे समजू नये की लक्ष्मणराव चांगल्या साहित्याला कमी लेखत होते. त्यांनी लाकडी नांगराच्या जागी महाग असा लोखंडी नांगर आणला, कारण तो जमीन खोल नांगरत होता. जिथे काम मागते तिथे खर्च करणे योग्यच. काम काय आहे हे न पाहता केलेला खर्च मात्र नुसता दिखावा ठरतो.

आपल्या येलहंक्यात याचे उदाहरण दर रविवारी पहाटे दिसते. बळ्ळारी रस्त्याने सायकलस्वारांचे गट नंदी डोंगराकडे जातात. कार्बनच्या हलक्या फ्रेम, भारी गिअर, चमकते हेल्मेट. नंदीचा सात-आठ किलोमीटरचा वळणावळणाचा चढ सुरू झाला की त्यांतले काही उतरून सायकल हातात धरून चालतात, आणि काही जण जुन्या सायकलीवर शांतपणे वर जातात. हलक्या सायकलीने चढावर थोडी मदत होते हे खरे, पण रोज न चालवणाऱ्याला ती मदतही पुरत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या सायकल मोहिमेत माझ्या वर्गातल्या दोघांनी नावे दिली नाहीत. कारण एवढेच, की त्यांच्याकडे गिअरची सायकल नव्हती. दोघेही क्रॉसकंट्रीत माझ्या कितीतरी पुढे पळतात. अशी मुले मागे राहिली, तर नुकसान मोहिमेचेच.

म्हणून माझी विनंती आहे. घरून नवी सायकल मागण्याआधी आहे ती तपासा. ब्रेक दोन्ही चाकांना नीट लागतात का, साखळीला तेल आहे का, चाकाच्या तारा सैल झाल्या आहेत का, हवा पुरेशी आहे का. रायफल साफ करताना आपण जी शिस्त पाळतो, तीच इथे पाळा. मग रोज अर्धा तास चालवा. या वर्षीच्या मोहिमेच्या अर्जात नाव, इयत्ता आणि सायकल तपासल्याची सही एवढेच रकाने आहेत. किमतीचा रकाना त्यात नाही.