विश्लेषण : २५ बळींनंतर फुटबॉल स्टेडियम कसे बदलले? आर्चिबाल्ड लीच कोण होते?

ब्रिटनला जाणारे अनेक फुटबॉलप्रेमी आता ओल्ड ट्रॅफर्ड किंवा अ‍ॅनफिल्डची सफर तिकीट काढून करतात. ड्रेसिंग रूम, चषकांचे कपाट, खेळाडूंच्या बोगद्यातला सेल्फी असा ठरलेला कार्यक्रम असतो. या दोन्ही मैदानांसह ब्रिटनमधील वीसहून अधिक मैदानांच्या उभारणीत एकाच माणसाचा हात होता. पण आर्चिबाल्ड लीच यांचे नाव तिथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच एका भीषण दुर्घटनेने झाली होती.

चहाच्या कारखान्यांपासून मैदानापर्यंत…

लीच यांचा जन्म २७ एप्रिल १८६५ रोजी ग्लासगोत, एका लोहाराच्या घरी झाला. इंजिनीअरिंगचे शिक्षण आणि उमेदवारी झाल्यावर त्यांनी काही काळ जहाजांवर इंजिनीअर म्हणून काढला. पुढे कारखान्यांचे आराखडे करणे हा त्यांचा व्यवसाय झाला. सिलोनमधील (आजचे श्रीलंका) चहाचे कारखानेही त्यांनी आखले. म्हणजे हा माणूस शोभिवंत इमारती उभारणारा वास्तुविशारद नव्हता. कमी पैशांत भक्कम छप्पर आणि मोकळी जागा कशी द्यायची, हे जाणणारा तो कारखानदारांचा माणूस होता. फुटबॉल क्लबांनाही नेमके तेच हवे होते. लीच स्वतः रेंजर्स क्लबचे चाहते. या क्लबचे नवे आयब्रॉक्स मैदान १८९९ मध्ये त्यांच्याच आराखड्यानुसार तयार झाले.

५ एप्रिल १९०२ रोजी काय घडले?

त्या दिवशी आयब्रॉक्सवर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड सामना होता. प्रेक्षक सत्तर हजारांच्या आसपास होते. गोलच्या मागे पोलादी खांबांवर लाकडी तुळया आणि फळ्या टाकून उंच पायऱ्या उभारल्या होत्या आणि त्यावर हजारो लोक दाटीवाटीने उभे होते. सामना सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच फळ्या तुटल्या आणि पायाखाली भगदाड पडले. शेकडो माणसे सुमारे ४० फूट खाली कोसळली. २५ जणांचा मृत्यू झाला, पाचशेहून अधिक जखमी झाले. गर्दीत घबराट पसरू नये म्हणून सामना काही वेळाने पुन्हा सुरू करण्यात आला आणि पूर्णही झाला! आज हे वाचताना अंगावर काटा येतो. नंतर तो सामना अधिकृत नोंदीतून वगळण्यात आला.

दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात गेला. वापरलेले लाकूड ठरल्यापेक्षा हलक्या प्रतीचे होते, असा आरोप कंत्राटदारावर होता. लीच यांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, पण कंत्राटदार निर्दोष सुटला. लीच यांच्यावर कायद्याने ठपका आला नाही. तरीही आराखडा त्यांचाच होता, ही गोष्ट कशी पुसणार?

मग पुन्हा काम कसे मिळाले?

लीच यांनी रेंजर्सला पत्र लिहून आपल्याला आणखी एक संधी द्यावी, अशी विनंती केली आणि क्लबने ती मान्य केली. रेंजर्सचा हा निर्णय आजही चकित करणारा वाटतो. आयब्रॉक्सच्या पुनर्उभारणीत लाकडी सांगाडे गेले आणि त्यांच्या जागी मातीच्या भरावावर पायऱ्या आल्या. खाली पोकळी नसली तर माणूस पडेल कुठे, इतका हा विचार साधा होता.

दुसरा धोका रेटारेटीचा. उतारावर उभ्या असलेल्या गर्दीत मागून धक्का आला की त्याचा भार ओळीमागून ओळ वाढत जातो आणि पुढचे चिरडले जातात. लीच यांनी ठरावीक अंतरांवर पोलादी आडवे कठडे बसवून हा भार मध्येच अडवला. या कठड्यांचे त्यांनी पेटंटही घेतले. खुर्च्या नसलेल्या स्टेडियममध्ये लाखभर माणसे उभी करणे शक्य झाले, ते बरेचसे यामुळेच.

त्यानंतर कामांची रीघ लागली. ग्लासगोचे हॅम्पडन पार्क १९०३ मध्ये खुले झाले. तिथे १९३७ च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला दीड लाखाच्या आसपास प्रेक्षक होते. लंडनमध्ये १९०५ साली स्टॅमफर्ड ब्रिज आणि क्रेव्हन कॉटेज, १९१० मध्ये मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड, शिवाय लिव्हरपूलचे गुडिसन पार्क. सज्जाच्या पुढच्या बाजूला फुल्याफुल्यांची पोलादी जाळी दिसली की काम लीच यांचे, हे जाणकार लगेच ओळखत. १९६६ चा विश्वचषक ज्या आठ मैदानांवर झाला, त्यांपैकी सहांवर त्यांच्या कामाचा ठसा होता.

लीच यांची मैदाने सुरक्षित होती का?

त्यांच्या काळाच्या मानाने होती. पण क्लबांनी ती पन्नास-साठ वर्षे जवळपास तशीच वापरली. ब्रॅडफर्डचा लाकडी स्टँड लीच यांच्याच आराखड्याचा. ११ मे १९८५ रोजी त्याच्या फळ्यांखाली वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ जण दगावले. हा दोष आराखड्यापेक्षा निगराणीचा अधिक, असे म्हणावे लागेल. आयब्रॉक्सवरच २ जानेवारी १९७१ रोजी सामना सुटताना बाहेर पडण्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जणांचा जीव गेला. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेने ९७ बळी घेतले. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या श्रेणीतील मैदानांवर उभ्याच्या जागा जाऊन सर्वत्र खुर्च्या आल्या आणि लीच यांची बरीचशी बांधकामे पाडली गेली.

आज काय पाहता येते?

लीच २५ एप्रिल १९३९ रोजी वारले, ७४ व्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. पुढे त्यांचे नाव विस्मरणात गेले. क्रेव्हन कॉटेजचा लाल विटांचा जुना स्टँड मात्र अजून उभा आहे, तिथल्या लाकडी खुर्च्यांवर बसून आजही सामना पाहता येतो. ओल्ड ट्रॅफर्डवर १९१० च्या बांधकामापैकी मधला जुना बोगदा तेवढा उरला आहे.

आयब्रॉक्सचा १९२९ मधील मुख्य स्टँड संरक्षित वास्तू आहे. त्याच्या कोपऱ्यावर रेंजर्सचे माजी कर्णधार जॉन ग्रेग यांचा पुतळा आहे. तो या मैदानावरील दुर्घटनांत मरण पावलेल्यांचे स्मारक म्हणून उभारलेला आहे. तिथल्या नामफलकांवर १९७१ च्या ६६ जणांबरोबर १९०२ मध्ये गेलेल्यांचीही नावे आहेत.