कमवा आणि शिका : कर्मवीरांची श्रमशाळा

नोकरी सांभाळून पदवी घेणे, शिकता शिकता कमावणे, दुर्गम गावातील विद्यार्थ्यापर्यंत उच्च शिक्षण नेणे, या गोष्टींची आज मोठी चर्चा होते. मुक्त विद्यापीठे आणि संगणक यांमुळे त्या सोप्याही झाल्या आहेत. मात्र वीजही न पोहोचलेल्या काळात सातारा-सांगलीच्या मातीत हा प्रयोग एका माणसाने केला. त्या माणसाला स्वतःला मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण होता आले नव्हते. ते होते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वडील महसूल खात्यात कारकून असल्याने भाऊरावांचे प्रारंभीचे शिक्षण विट्यासारख्या गावी झाले. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. तेथे राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृह चळवळीचा आणि सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. औपचारिक शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी काही काळ चरितार्थ चालवला.

त्यानंतरची नोकरी हीच त्यांची खरी शाळा ठरली. किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर आणि ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल विकण्यासाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली. नवे अवजार शेतकऱ्याच्या दारात पोहोचत होते. पण त्याच्या मुलासाठी गावात शाळा नव्हती आणि शहरातील शाळेत जाण्याइतके पैसे घरात नव्हते. यंत्र नेता येते, तर शिक्षण का नेता येऊ नये, हा प्रश्न या भ्रमंतीतून उभा राहिला. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. यंत्रांशी त्यांचा परिचय पुस्तकी नव्हता.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. जातिभेद तीव्र असलेल्या त्या काळात एका पंगतीत बसणे हीच मोठी क्रांती होती.

या प्रयोगाची किंमत घरानेही मोजली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. अखेरीस मंगळसूत्रही मोडावे लागले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेतले जाते, ते उगीच नव्हे.

स्वावलंबन हा भाऊरावांच्या विचाराचा गाभा होता. दान घेऊन शिकणारा विद्यार्थी मिंधा होतो, श्रम करून शिकणारा ताठ उभा राहतो, अशी त्यांची धारणा होती. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे कृष्णवर्णीय मुलांसाठी १८८१ पासून श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली होती. तीच दिशा साताऱ्यात स्वतंत्रपणे आकाराला आली. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक प्रशिक्षण विद्यालय निघाले, कारण खेड्यात शाळा काढायची तर आधी खेड्यात राहणारा शिक्षक हवा होता. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे विद्यार्थी श्रमाच्या बळावर शिकत.

खरी कसोटी उच्च शिक्षणाची होती. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले. सकाळी शेतात किंवा बांधकामावर घाम गाळणारा मुलगा दुपारी पदवीच्या वर्गात बसू शकतो, हे तेथे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी संकट ओढवले. मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळांचा संसार असलेली संस्था मोडते की काय, अशी वेळ आली. रयतेच्या पाठबळावर ती तगली आणि पुढे अनुदानही सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय उभे राहिले.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी प्रदान केली. ज्याला मॅट्रिकचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्याच्या हाती विद्यापीठाची सर्वोच्च पदवी आली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विद्यापीठांनी पुढे कमवा व शिका योजना स्वीकारली; पुणे विद्यापीठातील योजनेला त्यांचेच नाव आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि काम करणाऱ्यांसाठी पदवीचे दार आणखी रुंद झाले. साधने बदलली, पडद्यावरचा धडा आता क्षणात गावी पोहोचतो. पण तो धडा घेणाऱ्याच्या पोटाची, निवाऱ्याची आणि आत्मसन्मानाची सोय कोण करणार, हा भाऊरावांचा प्रश्न कोणतेही यंत्र आपोआप सोडवत नाही. त्यांनी त्याचे उत्तर आधी शोधले आणि मग वर्ग भरवला. हा क्रम विसरला, तर शिक्षण दारापर्यंत पोहोचेल, घरात शिरणार नाही.